‘अखंडनीय’ ही स्तुती नव्हे

जुन्या वादसभांत ज्या पंडिताचे मत अखंडनीय ठरे, त्याचा जय मानीत. आजही एखाद्याचा युक्तिवाद ‘अखंडनीय’ आहे असे आपण म्हणतो ते गौरवानेच. हाच शब्द विज्ञानविषयक ग्रंथात योजला, की वाचकाची फसगत होते; कारण तेथे तो दोषाचा वाचक आहे. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ही चूक एकदा घडली आहे.

ही संज्ञा रूढ केली कार्ल पॉपर यांनी. त्यांचा जर्मन ग्रंथ १९३४ साली व्हिएन्नात निघाला व १९५९ साली इंग्रजीत आला. मूळ शब्द लॅटिन, ‘खोटा’ आणि ‘करणे’ यांपासून घडलेला. इंग्रजीत त्याच धातूचा जुना अर्थ हिशेब किंवा दस्तऐवज खोटे करणे असा आहे! पॉपर यांना अभिप्रेत होते ते वेगळे: विधान असे असावे, की ते चुकीचे असल्यास अनुभवाने तसे उघडकीस यावे.

आइन्स्टाइन यांनी सांगितले होते, की सूर्यबिंबाला लागून येणारा ताऱ्याचा किरण सुमारे १.७५ विकला वळेल. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात एडिंग्टन आदींनी मोजमाप केले. किरण तितका वळलेला आढळला. मुळीच न वळता, तर सिद्धान्त संकटात सापडता. उलट, यश आले तर गुरूची कृपा, न आले तर शनीची वक्रदृष्टी, असे सांगणाऱ्या भविष्याला कोणती घटना खोटे पाडील? त्याचे खंडन होत नाही, ते त्याच्या बळामुळे नव्हे. ते काही पणालाच लावीत नाही.

म्हणून अशा विधानास मी ‘कसोटीबाह्य’ म्हणतो. ‘कसोटी’ मराठी आणि ‘बाह्य’ संस्कृत, हा समास शुद्धिवाद्यांस रुचणार नाही. पण विद्यार्थ्यास तो तत्काळ कळतो. उणीव एक राहतेच. कसाला उतरलेले सोने सोनार सोने म्हणून स्वीकारतो आणि प्रश्न मिटतो. सिद्धान्ताचे तसे नाही. एका कसोटीस उतरला तरी पुढची त्याला चुकत नाही. हा भेद शब्दात मावत नाही. तो शिक्षकांनी वर्गात समजावून द्यावा.