विश्लेषण : ‘जिम्नी’चे मायलेज कागदावर १७, रस्त्यावर १२… मधले पाच किलोमीटर जातात कुठे?

मारुती सुझुकीच्या ‘जिम्नी’चे व्हिडीओ पाहणाऱ्यांना दोन दृश्ये पाठ झाली असतील. एकात गाडी चिखलातून किंवा दगडांवरून आरामात वर चढते. दुसऱ्यात मालक पेट्रोल पंपावर उभा राहून हिशेब मांडतो आणि विचारतो, कंपनी १६.९४ सांगते, मग मला १२ का मिळतात? खालच्या प्रतिक्रियांत निम्मे ‘फसवणूक’ म्हणतात, निम्मे ‘मायलेज बघायचे होते तर स्विफ्ट घ्यायची’ असे सुनावतात. दोघांच्या मध्ये खरे उत्तर राहून जाते. पहिल्या दृश्यातली गाडी ज्या गोष्टींमुळे वर चढते, दुसऱ्या दृश्यातले पेट्रोलही बऱ्याच अंशी त्याच गोष्टी पितात.

१६.९४ हा आकडा कसा निघतो?

हा आकडा खोटा नाही. तो प्रयोगशाळेतला आहे. गाडी फिरत्या रोलरवर उभी करून ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या ठरावीक पद्धतीने चालवली जाते. साधारण २० मिनिटे, १०.६ किमी, कमाल वेग ताशी ९० किमी आणि सरासरी वेग ताशी ३२ किमीच्या आसपास. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मागे चार जणांचे सामान नाही. लोक सरसकट ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात, कारण पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची ही संस्था सर्वांना माहीत आहे. प्रत्यक्षात मानेसरच्या ‘आयकॅट’सारख्या इतर संस्थाही असे दाखले देतात. पद्धत एकच असते.

या चाचणीत मॅन्युअल जिम्नीला लिटरमागे १६.९४ किमी आणि ऑटोमॅटिकला १६.३९ किमी मिळाले. मालकांकडून ऐकू येणारे आकडे बहुतेक वेळा शहरात ११ ते १३ आणि महामार्गावर १४ ते १६ या पट्ट्यात असतात. म्हणजे शिस्तीत चालवले, तर महामार्गावर गाडी दाखल्याच्या जवळ जाते. खरी गळती शहरात होते, आणि महामार्गावर शंभरी ओलांडल्यावर.

इंजिन तेच, मग सियाझला २० कसे?

जिम्नीतले १,४६२ सीसीचे ‘के१५बी’ इंजिन सियाझ या सेडानमध्येही होते. तिथे मॅन्युअल गाडीचा दाखला होता २०.६५ किमीचा. सियाझला छोट्या हायब्रिड यंत्रणेची थोडी मदत होती हे खरे, पण जवळपास चार किमीचा फरक एवढ्याने भरून निघत नाही. उरलेला फरक गाडीच्या बांधणीत आहे.

जिम्नी म्हणजे चाके लावलेला खोका. पुढची काच जवळजवळ उभी, कडा चौकोनी, उंची १,७२० मिमी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात तर विरोध जवळपास १.९ पट होतो. सियाझसारखी निमुळती गाडी हवा कापत जाते, जिम्नी ती ढकलत जाते.

दुसरे कारण गिअरचे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. मॅन्युअल जिम्नीला पाचच गिअर आहेत आणि पाचव्याचे गुणोत्तर आहे १. महामार्गावर इंजिनाला विसावा देणारा ‘ओव्हरड्राइव्ह’ त्यात नाहीच. ताशी १०० किमीला इंजिन मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे घेत असते. ऑटोमॅटिकला तर चारच गिअर. आजच्या काळात हे जुनाट वाटते, आणि आहेही. पण गुणोत्तरे अशी खालच्या बाजूची ठेवल्यामुळेच १३४ न्यूटन मीटर एवढ्या बेताच्या टॉर्कवर ही गाडी दगड चढते. लॅडर फ्रेम, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि ट्रान्सफर केस हेही वजन आहेच. तरी गाडी १,२०० किलोच्या आसपास राहते, ही मात्र सुझुकीची करामत म्हणायला हवी.

चालवताना काय जाणवते?

स्विफ्ट किंवा ब्रेझातून उतरून थेट जिम्नीत बसणाऱ्याला पहिला अर्धा तास चुकल्यासारखे वाटते. स्टीअरिंग हलके आहे, पण ढिले. वळण संपल्यावर ते चटकन सरळ होत नाही, हाताने परत आणावे लागते. हा दोष नव्हे, निवड आहे. दगडावर चाक आपटल्यावर झटका थेट अंगठ्यावर येऊ नये म्हणून जुन्या पद्धतीची ‘रिसर्क्युलेटिंग बॉल’ रचना ठेवली आहे. अखंड ॲक्सलमुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही कळते, त्यामुळे तुटक्या डांबरावर गाडी डुलते. तीच गाडी कच्च्या रस्त्यावर नेली, की डुलणे कामाला येते. एक चाक वर गेले तर दुसरे खाली दाबले जाते आणि जमीन सुटत नाही.

घाटात १०५ अश्वशक्ती पुरते, पण मागावी लागते. टर्बो नाही. मागे ट्रक चिकटलेला असताना पुढच्या एसटीला ओलांडायचे, तर तिसरा टाकून इंजिन ओरडू द्यायचे. असे दहा वेळा झाले, की दाखल्यातले दोन किमी तिथेच सांडतात. नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्राची ‘थार’ इथे सहज पुढे जाते, कारण तिच्या दोन लिटर टर्बो पेट्रोलची ताकद १५० अश्वशक्ती आहे. मात्र कोकणातल्या वाडीकडे जाणाऱ्या चिऱ्याच्या गडग्यांमधल्या वाटेवर समोरून टेम्पो आला, तर १,६४५ मिमी रुंदीची जिम्नी कडेला सरकू शकते. थारचा चालक तिथे मागे घ्यायला जागा शोधतो.

पावसाळ्यात नवे मालक हमखास एक चूक करतात. रस्ता ओला दिसला, की ‘४एच’ लावून डांबरावर फिरत राहतात. जिम्नीत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शिअल नाही. घट्ट डांबरावर वळताना दोन्ही ॲक्सलना वेगवेगळ्या गतीने फिरायचे असते आणि ते एकमेकांना ओढत राहतात. टायर घासतात, यंत्रणेवर ताण येतो, पेट्रोलही जास्त जाते. ‘४एच’ चिखल, वाळू, बर्फ यांसाठी. बाकी वेळ ‘२एच’.

इथेनॉलचा वाटा किती?

‘ई२०’ पेट्रोलला सध्या सगळ्याच गोष्टींसाठी जबाबदार धरले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात एकूण सहा-सात टक्के कमी. इंजिन त्यासाठी जुळवलेले असेल तर घट त्याहून कमी राहते. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा गाड्यांसाठी एक ते दोन टक्के, तर इतरांसाठी तीन ते सहा टक्के घट सांगितली होती. सहा टक्के धरले तरी १६.९४ चे १५.९ होतात, १२ होत नाहीत.

खिशाचा हिशेब

महिन्याला १,००० किमी फिरणाऱ्याला १६.९४ च्या हिशेबाने ५९ लिटर लागतील, १२ च्या हिशेबाने ८३. पेट्रोल १०४ रुपये धरले तर महिन्याला अडीच हजारांचा आणि पाच वर्षांत दीड लाखाचा फरक. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, जिम्नी मात्र इंजिनामुळे ४० टक्क्यांच्या गटात राहिली. लांबी लहान गाडीची, कर मोठ्या गाडीचा.

मोजण्यातही गोची आहे. अनेक जण गाडी घेतल्याबरोबर मोठे टायर टाकतात. मूळ १९५/८० आर१५ टायरचा व्यास ६९३ मिमी. त्याजागी २३५/७५ आर१५ बसवला तर तो सुमारे ७३३ मिमी होतो. आता ओडोमीटर १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०६ किमी गेलेली असते. म्हणजे हिशेबात १२ दिसणारे मायलेज खरे १२.७ असते. (मोठ्या टायरने पेट्रोल वाढते ते वेगळेच.) टाकी फुल्ल करून पुन्हा फुल्ल होईपर्यंतचे किलोमीटर मोजायचे, तर पंप तोच ठेवावा, पहिल्या ‘कट’ला थांबावे आणि निदान तीन-चार टाक्यांची सरासरी काढावी.

शहरात हा सगळा पैशाचा प्रश्न असतो. लांबच्या वाटेवर तो पोहोचण्याचा होतो. मनाली–लेह मार्गावर टांडीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किमीवर. जिम्नीची टाकी ४० लिटरची. दाखल्याप्रमाणे ती ६७७ किमी गेली पाहिजे. पण ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असते आणि टर्बो नसलेले इंजिन तेवढेच दमते. मग दुसरा-तिसरा गिअर सुटत नाही. खराब टप्प्यात ‘४एल’ लावले, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे दुप्पट. लिटरला १० मिळाले तर टाकी ४०० किमी पुरते, म्हणजे हाताशी ३५ किमी. आठ मिळाले तर ३२०. टांडीहून पुढे निघणाऱ्या जिम्नीत मागे जेरीकॅन बांधलेला असतो तो याच हिशेबाने.