गांजा ‘झाडपाला’ म्हणून खपवणाऱ्यांना सवाल

“गांजा झाडपालाच आहे, काही होत नाही,” असे वस्तीतली पंधरा वर्षांची पोरं बिनधास्त सांगतात. धोतराही झाडपालाच आहे, तो खाल का?

1987 साली स्वीडनमधील 45 हजारांहून अधिक लष्करभरतीच्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 50 पेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया सहापट आढळला. इतर कारणे वजा केल्यावर आकडा घटला, धोका मात्र उरलाच. ओढणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही, हे खरे. पण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालते. म्हणून कोवळ्या वयातला झुरका जास्त घातक.

पोराला भास होतात, तो सतत संशय घेतो? मग बुवाकडे नेऊ नका, पोलिसांच्या हवालीही करू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे. एनडीपीएस कायद्याचे कलम 64-अ उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देऊ शकते.

बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देऊन मागे चिलीम पेटवणाऱ्यांनी ती कुठे ठेवली? ‘शिका’ हा आदेश पाळायला डोके शाबूत लागते. प्रत्येक विहारात यावर बैठक घ्या.

जय भीम!