काशगरच्या बाजारातील पथ्यविचार

प्रवासात रस्त्यावरचे खावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला पडतो. ‘नको’ म्हणून मोकळे होणे सोपे. परंतु ज्या प्रदेशाची पाककला बाजारातच नांदते, तेथे हे उत्तर अपुरे ठरते. चीनच्या शिनजियांग स्वायत्त प्रदेशातील काशगर हे असेच एक नगर. तकलामकान वाळवंटाला वळसा घालणाऱ्या रेशीम मार्गाच्या उत्तर व दक्षिण शाखा येथे एकत्र येत. येथील उइघुरांची भाषा तुर्की कुळातील. तरीही पोलो, सामसा, झिरे हे शब्द कानी पडताच पुलाव, समोसा आणि जिरे यांचे सोयरे भेटल्यासारखे वाटते.

मात्र उइघुर सामसा तळलेला नसतो. मेंढीचे मांस व कांदा भरून तो ‘तोनुर’ या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात, नानही तसाच. लगमानसाठी कणकेची वळी हातांनी ताणून लांब शेवया काढतात आणि त्यांवर मांस, ढोबळी मिरची व टोमॅटो मोठ्या आचेवर परतून घालतात. पोलोमध्ये तांदळाबरोबर मांस, कांदा आणि भरपूर गाजर असते. कवाबावर जिरे व तिखट भुरभुरतात.

या खाण्यामागे पथ्याचा एक विचार आहे. उइघुर वैद्यकाचे युनानी परंपरेशी जवळचे नाते असून त्यात पदार्थांचे ‘इस्सिक’ म्हणजे उष्ण आणि ‘सोघुक’ म्हणजे थंड असे भेद मानतात. आंब्याला उष्ण आणि ताकाला थंड म्हणणाऱ्या आपल्या आजीला हा विचार परका वाटणार नाही. आधुनिक आहारशास्त्र हे भेद मानत नाही. पण एकाच चवीचा अतिरेक टाळून ताटात तोल राखण्याची सवय मात्र त्यांतून लागते, आणि ती हितकारकच होय. तथापि मसाल्याच्या चहाने मेंढीची चरबी विरघळत नाही, हेही ध्यानी ठेवावे. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी पोलो व कवाब चवीपुरतेच घ्यावेत.

मधुमेहींची परीक्षा पाहतो तो तुर्पानचा बेदाणा. समुद्रसपाटीहून खोल असलेल्या त्या खोलगट प्रदेशात जाळीदार विटांच्या खोल्यांत, उष्ण वाऱ्यावर पण सावलीत, द्राक्षे वाळवितात; म्हणून त्यांचा हिरवा रंग टिकतो. सांगली-तासगावकडेही द्राक्षे सावलीतच सुकवितात, हे वाचकांना ठाऊक असेल. द्राक्षातील पाणी गेले तरी साखर जात नाही. तेव्हा बेदाणे मूठभर नव्हे, मोजून खावेत.

प्रवाशाने तीन नियम पाळावेत. जे डोळ्यांदेखत भट्टीतून वा कढईतून निघते, ते गरम असतानाच खावे. बर्फ फोडून घातलेले ‘दोघाप’ हे दह्याचे पेय उन्हात कितीही मोहात पाडो, बर्फाच्या पाण्याची खात्री नसेल तर टाळावे. कापून ठेवलेल्या कलिंगडाऐवजी अखंड फळ घेऊन समोर कापवून घ्यावे. शाकाहारी वाचकांनी ‘गोशसिझ’, म्हणजे ‘मांसाविना’, हा शब्द लक्षात ठेवावा. तरीही भाजी मेंढीच्या चरबीत परतली आहे का, हे निराळे विचारावे.

आणखी एक पथ्य पोटाचे नाही, वागण्याचे आहे. 2009 पासून काशगरच्या जुन्या शहराचा मोठा भाग पाडून नव्याने उभारण्यात आला. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने शिनजियांगमध्ये गंभीर मानवाधिकार उल्लंघने झाल्याचे अहवालात नमूद केले. चीनने तो अहवाल फेटाळला. अशा ठिकाणी नान विकणाऱ्याला राजकारणाचे प्रश्न विचारले, तर आपण विमानाने परत येतो, तो मात्र तेथेच राहतो. म्हणून विचारायचेच तर भट्टीविषयी, पिठाविषयी विचारावे. छायाचित्र अनुमतीनेच घ्यावे.

आज इस्तंबूल आणि अल्माटीतही उइघुर खाणावळी आहेत. काशगरला जाणे न जमले तरी तेथे लगमान चाखता येईल. आपल्या अन्नाची आस्थेने केलेली चौकशी घरापासून दूर असलेल्या माणसाला सुखावते. ती करण्यास कोणतेच पथ्य आड येत नाही.