डिफॉल्टर कोण?

तळपाय जळतायत. रात्रभर. निखाऱ्यावरनं चालवल्यासारखे. गुडघे, खांदे असे ठणकतात की जिना उतरताना बाई एकेका पायरीवर बसते. पहाटे पाचला तिला झाडू हातात घ्यायचाय. गेली नाही तर मुकादम खाडा लावणार. आमच्याच गल्लीतली बाई. टीबीच्या गोळ्यांचा दुसरा महिना. मी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो होतो.

"साहेब, पाय लई जळतात."

साहेबानं मान वर न करता उत्तर फेकलं, "होतंच. किरकोळ आहे. गोळ्या चालू ठेवा." पुढचा पेशंट.

किरकोळ! हा शब्द त्या एकट्या साहेबाचा नाही, दोस्तांनो. जागतिक आरोग्य संघटनेचं टीबीच्या उपचारांचं २०१० सालचं पुस्तक उघडा. त्यात दुष्परिणामांचे दोन गट आहेत, गंभीर आणि किरकोळ. सांधेदुखी किरकोळमध्ये. हातापायांची जळजळ, मुंग्या किरकोळमध्ये. आणि त्याच यादीत लघवीचा रंग नारिंगी होणं. म्हणजे रंगीत लघवी आणि रात्रभर जळणारा पाय, दोन्ही एकाच मापात! खुर्चीत बसून पगार घेणाऱ्याला ते किरकोळ असेलही. ज्याची भाकर पायावर उभी आहे, हमाल, नाका कामगार, कचरा उचलणारा, त्याला ते किरकोळ कसं? पाय गेला की रोजी गेली. रोजी गेली की चूल गेली. हे मोजायला कुठल्या पुस्तकात रकाना नाही.

आणि हे दुखणं काही दैवी नाही. पायराझिनामाईड नावाची गोळी मूत्रपिंडातून युरिक अॅसिड बाहेर पडू देत नाही, म्हणून सांधे धरतात. आयसोनियाझिड शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वावर घाला घालते, म्हणून नसा जळतात. कुणाच्या जळतात जास्त? ज्याच्या पोटात आधीच अन्न नाही त्याच्या. मधुमेहवाल्याच्या, दारू पिणाऱ्याच्या, एचआयव्हीवाल्याच्या. आयसोनियाझिड आलं १९५२ ला. ब-६ चं कोडं १९५४ सालीच उलगडलं. इलाज काय? रोजची एक स्वस्तातली ब-६ ची गोळी. त्याच २०१० च्या पुस्तकात तीही छापलीय. सांधेदुखीवर साधी वेदनाशामक गोळी, तीही छापलीय. मग "होतंच" म्हणणारा साहेब पुस्तकाचं निम्मंच पान वाचतो काय? 'किरकोळ' वाचतो आणि खालचा इलाज गिळतो?

त्या बाईनं तीन आठवड्यांनी गोळ्या सोडल्या. लगेच शिक्का बसला : डिफॉल्टर.

डिफॉल्टर म्हणजे कर्जबुडवा. सावकाराच्या वहीतला शब्द टीबीच्या रजिस्टरात आला. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो आपल्या व्याख्यांमधून काढला. आमच्या दवाखान्यांच्या जिभेवरनं तो अजून गेलेला नाही. अरे, बुडवलं कुणी? ऊन-वारा शिरणार नाही अशा इमारती एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आणि पुनर्वसन म्हणून त्यात आमची माणसं कोंबली. २०१८ च्या पाहणीनं गोवंडीतल्या असल्याच इमारतींत टीबी जास्त असल्याचं दाखवलं. खाण्यासाठी २०१८ पासून महिना पाचशे आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये. हजारात महिनाभराची डाळ, अंडी, दूध आणून दाखवा. देणं कुणाचं थकलंय? डिफॉल्टर कोण?

कोणी म्हणेल, रोग मारतो त्यापेक्षा दुखलेलं बरं. खरंय. या गोळ्यांनी माणसं जगतात, हे मी नाकारत नाही. पण दुखणं मोजलं की औषध सुधारतं, हेही तितकंच खरं. दक्षिण आफ्रिकेत दाद न देणाऱ्या टीबीवर नवी औषधं दिली. २०२० साली निकाल आला. १०९ रुग्णांपैकी ८१ टक्क्यांच्या नसा दुखावल्या होत्या. लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम. पण तिथं हे नोंदवलं गेलं. मग दुसरा प्रयोग झाला. डोस निम्मा, ६०० मिलिग्रॅम, २६ आठवडे. २०२२ चा निकाल : नसांचा त्रास २४ टक्क्यांवर, आणि बरे झाले ९१ टक्के. बघा! पेशंटचं ओरडणं कागदावर उतरलं म्हणून डोस उतरला. "होतंच" म्हणून झटकलं असतं तर?

मुंबईच्या नंदिता वेंकटेशनला आणि केपटाऊनच्या फुमेझा टिसीलेला टीबीच्या औषधांनी बहिरं केलं. दोघी गप्प बसल्या नाहीत. बेडाक्विलिन या तोंडानं घ्यायच्या औषधावर कंपनीची मक्तेदारी वाढू नये म्हणून २०१९ साली भारतीय पेटंट ऑफिसात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये ऑफिसनं कंपनीचा अर्ज फेटाळला. दोन ऐकू न येणाऱ्या पोरींनी बहिऱ्या व्यवस्थेला ऐकवलं.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यातही सोसण्याची पूजा करणारे आहेत. "मर्द आहेस, सहन कर." काय मर्दानगी? हजारो वर्षं सोसायलाच शिकवलं आम्हाला. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी ते हैराण होत. त्याच पायांवर १९५६ साली ते नागपूरला उभे राहिले. याचा अर्थ दुखणं लपवणं म्हणजे चळवळ, असा बावळट अर्थ काढू नका. आणि गोळ्या फेका, अंगारा लावा म्हणणारे भोंदू तर गोळीपेक्षा महाग. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी टीबी औषधाला दाद देईनासा होतो, मग घरादाराला लागतो.

म्हणून गोळी सोडू नका. तोंड सोडा!

वस्तीतल्या पोरांनी पेशंटसोबत जावं. पाय जळतात तर ब-६ मागावं. दिसायला अंधुक झालं, कावीळ दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. "किरकोळ" म्हणाले तर केसपेपरवर लिहून मागावं. औषधाचा त्रास नोंदवायला पेशंटसाठी सरकारी फॉर्म आहे, मराठीतही. फुकटचा फोन आहे : १८०० १८० ३०२४. एक फॉर्म गेला तर कचरापेटीत जाईल. प्रत्येक गल्लीतून गेले तर पेटी भरेल, मग त्यांना वाचावंच लागेल.

त्या बाईनं गोळ्या परत सुरू केल्या. ब-६ मागून घेतली, भांडून. पाय अजून जळतात, जरा कमी. आता ती रजिस्टरवाल्याला विचारते, "डिफॉल्टर कुणाला म्हणतोस रे?"

उत्तर त्यांनी द्यायचंय.

जयभीम!