भाड्याच्या घरातला गीझर कोणाचा?

थंडी पडू लागली की पुणे, मुंबई, नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी दरवर्षी येते. न्हाणीघराचे दार आतून बंद, बराच वेळ हाकेला ओ नाही, दार तोडल्यावर तरुण किंवा तरुणी बेशुद्ध. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि कारण गॅस गीझर. अशा बातमीत घर अनेकदा भाड्याचे असते, हा तपशील मात्र सहज नजरेआड होतो.

गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्याचे गणित सरळ असते. पंधरा लिटरचा विजेचा गीझर चार जण एकापाठोपाठ आंघोळीला गेले की पुरत नाही. जुन्या इमारतीत त्यासाठी जाड वायर आणि वेगळा पॉइंट टाकावा लागतो. त्यापेक्षा सहा लिटरचा गॅस गीझर भिंतीवर टांगला, की पाणी अखंड आणि भाडेकरूची तक्रार बंद. विजेचा ‘इन्स्टंट’ गीझर साधारण तीन किलोवॉटचा असतो, हा गॅसवाला त्याच्या चौपट उष्णता देतो. धोकाही तिथेच आहे.

असा गीझर तासाला सुमारे एक किलो एलपीजी जाळतो आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळायला जवळपास बारा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात हवा असते साडेपाच घनमीटर. तिघांनी दहा-दहा मिनिटे पाणी घेतले, तर सहा घनमीटर हवा हवी. दार-खिडकी बंद असेल, तर खोलीत तेवढी हवाच नसते. प्राणवायू घटू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. छोट्या गीझरना बहुधा धुराडे नसते, त्यामुळे जळालेला वायू आंघोळ करणाऱ्याच्या डोक्याशीच सुटतो.

‘गळती झाली तर वास येईलच की’ हा समज इथे घात करतो. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो आणि ज्योतीत ते रसायनही जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, पण गरम पाण्याच्या वाफेत ते कोणी मनावर घेत नाही. मग पायांतले बळ जाते आणि दोन फुटांवरच्या कडीपर्यंत हात पोहोचत नाही. भारतीय वैद्यकीय लेखनात यासाठी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असा शब्दच रुळला आहे. वाचलेल्या काहींना सुरुवातीला फिट आली असे समजले जाते, हे आणखी एक दुर्दैव.

नवा गीझर एकवेळ चालून जातो. दोन-तीन वर्षांत बर्नरच्या छिद्रांत धूळ बसते, उष्णता घेणाऱ्या पट्ट्यांत काजळी अडकते, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचतात. निळी ज्योत पिवळी होते, वरच्या झाकणावर काळे येते. घरमालक स्वतः राहत असता तर हे त्याच्या डोळ्यांना दिसले असते. तो दुसऱ्या शहरात किंवा अमेरिकेत असतो आणि किल्ली एजंटकडे. कबुतरे नकोत म्हणून डक्टकडची खिडकी कोणी काचेने बंद केली, हे त्याला ठाऊकही नसते.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. त्या करारात पंखे किती, ट्यूबलाइट किती, गीझर किती याची यादी असते. त्या गीझरची तपासणी कधी झाली, हा रकाना सहसा नसतो. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, मोठी मालकाची’ या नेहमीच्या वाक्यात बर्नरची सफाई कुठे बसते, हे कोणीच ठरवत नाही. अकरा महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी ती करणार नाही, हे उघड आहे.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी ही जबाबदारी निःसंदिग्धपणे घरमालकावर टाकली. दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी, तिचा दाखला राहत्या भाडेकरूला २८ दिवसांत आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून गॅसचा बॉयलर असलेल्या भाड्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा आहे. इथे तसा नियम येईपर्यंत करारातील एक ओळ आणि वर्षातून एकदा मेकॅनिकचा हात एवढे तरी मालकाला जमण्यासारखे आहे. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या बाल्कनीत लावून फक्त पाण्याची नळी आत घेणे हा त्याहून खात्रीचा मार्ग. एक्झॉस्ट फॅन हा त्याला पर्याय नव्हे. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा काय ओढणार?

दुर्घटना घडलीच, तर आधी दार-खिडक्या उघडून, गॅस बंद करून माणसाला मोकळ्या हवेत आणावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा ९८ दिसू शकतो. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. शुद्धीवर आलेल्या काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विस्मरण, चालण्यात अडखळणे असे त्रास सुरू होतात. म्हणून ‘न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य रुग्णालयात पहिल्याच मिनिटाला डॉक्टरांच्या कानावर घालावे.