आरोग्याचा संकल्प आणि रात्रीची वीज

पिंपळगाव राजा (जि. बुलडाणा) : खामगाव तालुक्यातील हे गाव कापूस, सोयाबीन आणि हरभऱ्याच्या पट्ट्यात मोडते. अशा गावांतील माणूस कष्टामुळे आपोआप निरोगी राहतो. व्यायामाचा कंटाळा, अवेळी खाणे आणि अपुरी झोप ही शहरी दुखणी होत, असा समज शहरांत अद्याप कायम आहे. आकडेवारी या समजाला दुजोरा देत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असून १५.३ टक्के प्रौढ मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह, रक्तदाब आणि स्थूलता शहरांत अधिक आढळली; उंबरठ्यावरच्यांच्या प्रमाणात मात्र शहर आणि खेडे यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याच प्रकल्पाच्या २०१४ मधील अहवालात, ज्यात महाराष्ट्राचाही समावेश होता, ग्रामीण भागातील सुमारे निम्म्या प्रौढांच्या शारीरिक हालचाली अपुऱ्या असल्याचे नमूद होते.

याची कारणे शेतीच्या बदललेल्या स्वरूपात सापडतात. नांगरणी ट्रॅक्टरकडे गेली, निंदणाचे काम बऱ्याच अंशी तणनाशकाने घेतले, सोयाबीन मळणीयंत्रातून निघू लागले आणि शेतापर्यंतची पायपीट दुचाकीने संपवली. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर मोडेपर्यंत काम असते, तर उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडणेही कठीण होते. वर्षभर बेताने चालणारे श्रम उरले नाहीत. आहाराचेही तसेच. सोयाबीनने विदर्भात ज्वारीचे क्षेत्र व्यापले आणि घरची भाकरी मागे पडून रेशनच्या गहू-तांदळाचा वाटा वाढला.

या स्थितीवर साधारणपणे दिला जाणारा उपाय म्हणजे इच्छाशक्ती. एकवीस दिवस नेटाने करा, सवय लागेल, असे सांगितले जाते. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी शल्यविशारदाच्या १९६० मधील पुस्तकात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी पुढे ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे, आणि व्यक्तीपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत जात असल्याचे दिसले. त्यातही प्रत्येकाने आपली कृती रोजच्या एका ठरावीक प्रसंगाशी, उदाहरणार्थ न्याहारीशी, जोडलेली होती. दिनक्रमच ठरावीक नसेल तर सवय कशाला जोडायची, हा खरा प्रश्न आहे.

कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. रब्बीत हरभरा, गव्हाला पाणी द्यायचे तर रात्रीच्या पाळीत शेतकरी थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत शेतावर असतो. चक्र बदलले की झोपेची वेळही बदलते. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची क्षमता लक्षणीयरीत्या घटली होती. अशा रात्रीनंतर पहाटे फिरायला न जाणाऱ्यास आळशी ठरवणे अन्यायाचे होईल.

अर्थात, व्यक्तिगत पातळीवर बदल घडतच नाहीत, असेही नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे दिवसातून दोनच वेळा जेवण आणि ४५ मिनिटे चालणे हा कार्यक्रम राज्यभर पोहोचवला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या सल्ल्याशी त्याची तुलना होऊन २०१८ च्या सुमारास मोठा वादही रंगला. त्याच्या वैद्यकीय बाजूबद्दल मतभेद असू शकतात. परंतु लोक टिकून राहिले ते त्याच्या सोपेपणामुळे, पैसे पडत नसल्यामुळे आणि व्हॉट्सअॅप गटांवरील सोबतीमुळे. राज्य शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षित यांनाच सदिच्छादूत नेमले. मात्र दोन वेळा खावे की चार वेळा, या वादातील दोन्ही बाजू जेवणाची वेळ माणसाच्या स्वतःच्या हाती असल्याचे गृहीत धरतात. मजुरीला जाणाऱ्या स्त्रीची ती नसते. पहाटे स्वयंपाक उरकून ती शेतावर जाते, डबा सुटीत खाते आणि रात्री सर्वांच्या शेवटी जेवते. तिला ४५ मिनिटे चालण्याचा सल्ला देणाऱ्याने गावाबाहेरचा रस्ता संध्याकाळी एकदा पाहावा. त्यावर ना पदपथ असतो, ना पुरेसे दिवे.

यातील विजेचा भाग शासनाच्या हाती आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. वाहिनी सौरऊर्जेवर आली की ओलिताची रात्रपाळी संपते. आरोग्य खात्याच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा झोपेवर तिचा परिणाम अधिक व्हावा. पण त्यानेही सर्व रात्री मोकळ्या होणार नाहीत. हरभरा फुलोऱ्यात आला की रोही आणि रानडुकरांचे कळप शेतात उतरतात, आणि कुंपण परवडत नसलेल्या शेतकऱ्याला जागलीला जावेच लागते.