संप मिटला, विद्यार्थ्याचे देणे फिटले का?

प्राध्यापकांचा संप मिटला की पुढचा क्रम ठरलेला असतो. मंत्रालयातील बैठकीनंतर आश्वासनाचे पत्र हाती पडते. संघटनेचे नेते विजयाची घोषणा करतात, मंत्रिमहोदय विद्यार्थिहिताचा विचार करून तोडगा काढल्याचे सांगतात आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर स्वाक्षऱ्या होतात. ज्याच्या नावाने हे सारे चालते, तो विद्यार्थी मात्र तडजोडीत पक्षकार नसतो. त्याचे काय बुडाले, याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही.

2013 चे उदाहरण महाराष्ट्राला विसरता येण्यासारखे नाही. त्या वर्षी फेब्रुवारीपासून प्राध्यापकांच्या 'एमफुक्टो' या महासंघाने विद्यापीठांच्या परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नियुक्त झालेल्या, नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न या प्रमुख मागण्या होत्या. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मे महिन्यात बहिष्कार संपला. शासनाने 71 दिवसांचे वेतन रोखले. आम्ही वर्गात शिकवतच होतो, बहिष्कार केवळ परीक्षांवर होता, असे प्राध्यापकांचे म्हणणे. हा वाद इतका चिघळला की, 2018 च्या कामबंद आंदोलनातही त्या वेतनाची मागणी होतीच. 71 दिवसांचा हिशेब पाच वर्षे जपला गेला. परीक्षा व निकालांच्या टांगणीवर विद्यार्थ्यांनी काढलेल्या दिवसांचा हिशेब मात्र एकाही निवेदनात नव्हता.

मागण्या अन्याय्य होत्या, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो त्यामागील विचारसरणीचा. महाविद्यालय म्हणजे कारखाना, अध्यापक म्हणजे श्रम विकणारा कामगार आणि शासन म्हणजे मालक, हे समीकरण डाव्या मंडळींनी शिक्षणक्षेत्रात रुजवले. कारखान्यात यंत्र थांबले तर मालकाची कोंडी होते. येथे मात्र 'मालका'चे काहीच अडत नाही; अडते ते बी.ए.च्या अखेरच्या वर्षातील, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेल्या मुलाचे. वर्गसंघर्षाच्या या प्रयोगात ओलीस धरला जातो तो सर्वांत दुर्बळ घटक!

आणि शासन तरी वेगळे काय करते? 'काम नाही तर दाम नाही' म्हणताना तेही अध्यापकाला रोजंदारीवरच बसवते. 2018 च्या आंदोलनानंतर सहायक प्राध्यापकांची 3,580 पदे भरण्यास मान्यता मिळाली. 2020 च्या टाळेबंदीत भरती थांबली आणि 2021 मध्ये उरलेल्या 2,088 पदांना पुन्हा परवानगी द्यावी लागली. म्हणजे तीन वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक जागा रिकाम्याच! त्या जागांवर तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणाला गुरुपदाच्या महतीची प्रवचने ऐकवणे ही क्रूर थट्टा आहे. टिळक-आगरकरांनी अल्प वेतन स्वीकारले ते स्वेच्छेने. लादलेल्या दारिद्र्याला त्याग म्हणत नाहीत. मंत्रालयात कोणत्याही पक्षाचे सरकार असो, या दोषातून त्याची सुटका नाही.

दत्तोपंत ठेंगडी यांनी कामगार क्षेत्रात या कोंडीचे उत्तर फार पूर्वी दिले होते. 1955 मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना करताना त्यांनी कामगारांचे हक्क सोडले नाहीत. सोडला तो वर्गसंघर्ष. मालक आणि कामगार यांच्या सौद्यात समाज हा तिसरा पक्ष आहे आणि त्याच्या हिताला बाधा येणार असेल तर तो सौदा अपुरा आहे, हे त्यांचे प्रतिपादन. शिक्षणात हा तिसरा पक्ष म्हणजे विद्यार्थी.

म्हणून संपानंतर कामावर परतणे म्हणजे केवळ स्वाक्षरी करणे नव्हे. बुडालेल्या तासांचे वेळापत्रक महाविद्यालयाच्या फलकावर लागले पाहिजे. सुट्टीच्या दिवशी, सकाळी लवकर, जमेल तसे ते तास घेतले गेले पाहिजेत. उत्तरपत्रिका प्रथम तपासल्या पाहिजेत आणि विजयसभा नंतर. शासनानेही आश्वासनासोबत पदभरतीची तारीख लिहून द्यावी आणि ती पाळावी. अन्यथा पुढच्या संपाचे पाप त्याच्या माथी राहील.

असे भरपाईचे तास मनापासून घेणारे अध्यापक गावोगावी आहेत. त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत, संघटनांच्या व्यासपीठावर त्यांचा सत्कार होत नाही. तरीही समाजाच्या मनात 'सर' या शब्दाला आज जो मान उरला आहे, तो त्यांच्याच पुण्याईवर. थकलेले वेतन न्यायालय मिळवून देऊ शकते. एकदा गमावलेला हा मान कोणताही शासननिर्णय परत देऊ शकणार नाही.